वेठीचे खलाशी



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा आम्ही प्रथम नाहीच म्हणालो होतो. या व्यासपीठावर प्राध्यापक येतात, लेखक येतात. आमची शाळा नववीत सुटली. पुढे जे काही वाचले ते संघटनेच्या कचेरीत, सभा नसेल त्या रात्री, रद्दीच्या दुकानातून आणलेल्या पुस्तकांतून. पण चालकांनी आग्रह धरला की, कामगारांविषयी बोला. तेव्हा आम्ही विषय कामगारांचाच घेतला आहे. फक्त ते कामगार अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीचे आहेत आणि त्यांचा कारखाना पाण्यावर तरंगणारा होता.

आपले राई गाव खाऱ्या पाण्याच्या शेजारचे. भोवती मिठागरे, एका अंगाला उत्तनचा समुद्र, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी, आणि खाडीच्या तोंडाशी धारावीचा किल्ला. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजांनी धारावी घेतली आणि त्याच वर्षी मे महिन्यात पलीकडची वसई पडली. ही कथा येथल्या पोरांनाही पाठ आहे. सरदारांची नावे आपल्याला ठाऊक असतात. ज्यांनी वल्ही मारली, शिडे चढवली, तोफांना बत्ती दिली, त्यांची नावे कोणी विचारीत नाही. त्या बिननावाच्या माणसांपैकी एकाविषयी आज बोलायचे आहे. हा माणूस परक्या राजाच्या आरमारात जबरीने ओढला गेला आणि संधी मिळताच पळाला. पुस्तकांत त्याला फितूर म्हणतात, पळपुटा म्हणतात, कधी चाचाही म्हणतात. आम्ही त्याला वेठबिगार म्हणतो.

प्रथम ही वेठ कशी होती ते सांगितले पाहिजे. अठराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचे आरमार शांततेच्या दिवसांत पंधरा-वीस हजार माणसांवर चाले. युद्ध पेटले की ते कितीतरी पट वाढे. १७९७ च्या सुमारास त्यातील माणसांची संख्या एक लाखाच्या वर गेली होती. एवढी माणसे आणायची कोठून? पगार वाढवून आणता आली असती. परंतु साध्या खलाशाचा पगार सतराव्या शतकाच्या मध्यावर जो ठरला होता, तो १७९७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षे, तसाच राहिला. युद्धकाळात व्यापारी जहाजावर त्याच खलाशाला दुप्पट, कधी त्याहूनही अधिक मिळे. मग राजाच्या जहाजावर आपल्या पायांनी कोण जाणार? सरकारने सोपा मार्ग धरला. पगार वाढवण्याऐवजी माणसे पकडली.

या पकडणाऱ्या टोळीला प्रेस गँग म्हणत. एक अधिकारी, हाती सोटे घेतलेले काही दणकट गडी आणि खिशात सरकारी हुकूम. बंदरातल्या गुत्त्यांतून ही टोळी माणसे उचली. पण खरी शिकार समुद्रावरच होई. लांबच्या सफरीहून परतणारे व्यापारी जहाज किनाऱ्याजवळ गाठायचे आणि त्यावरचे कसलेले खलाशी उतरवून घ्यायचे. मनात कल्पना करा. मुंबईहून निघून सहा महिने समुद्रात काढलेला माणूस घरचा किनारा डोळ्यांनी पाहतो आहे, आणि तेथेच त्याला दुसऱ्या जहाजावर चढवतात. ते युद्ध संपेपर्यंत तो सुटायचा नाही.

आता परक्या खलाशाकडे येऊ. कायद्याने परकी माणसे पकडण्यास मनाई होती. १७४० च्या कायद्यात तसे स्पष्ट लिहिले होते. परंतु आम्ही तीस वर्षे कामगार कायद्यात वावरलो आहोत. कायद्यात काय लिहिले आहे याच्याइतकेच ते सिद्ध कोणी करायचे हेही महत्त्वाचे असते. डेन असो, स्वीड असो, डच किंवा पोर्तुगीज असो, मी परका आहे हे सिद्ध करण्याचे ओझे त्या खलाशावरच होते. जवळ कागद नसेल तर तो इंग्रज. इंग्रज बायको केली असेल तर तो इंग्रज. इंग्रजी जहाजांवर दोन वर्षे नोकरी केली असेल तरी तो इंग्रज. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तेथील सरकारने १७९६ साली कायदा करून आपल्या खलाशांना नागरिकत्वाचे दाखले देण्याची सोय केली. इंग्रज अधिकारी ते दाखले खोटे ठरवून माणसे नेतच राहिले. हजारो अमेरिकन खलाशी असे नेले गेले, आणि १८१२ साली अमेरिका व इंग्लंड यांच्यात जे युद्ध झाले त्याच्या प्रमुख कारणांत हे एक होते.

१८०५ साली ट्रफाल्गारच्या लढाईत नेल्सनचे जे जहाज होते, त्या व्हिक्टरीचा हजेरीपट आजही पाहायला मिळतो. इंग्लंडचे रक्षण करणाऱ्या त्या जहाजावर बावीस अमेरिकन होते, डच होते, स्वीड होते, इटालियन होते, शत्रूपक्षाचे तीन फ्रेंचही होते. आणि दोन हिंदी होते. हे सगळेच पकडून आणले होते असे आम्ही म्हणत नाही. कोणी पोटासाठी आला असेल, कोणी लुटीतल्या वाट्याच्या आशेने. पण एकदा वर चढल्यावर खाली उतरण्याचा हक्क कोणालाच नव्हता. स्वखुशीने आलेला आणि ओढून आणलेला, दोघांच्या पायांत बेडी एकच.

तुम्ही म्हणाल, ही इंग्लंडची कथा, तिचा आमच्या कोकणाशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. हिंदी समुद्रात आलेल्या राजाच्या आरमारातील माणसे रोगराईने आणि लढाईत मरत. ती भर काढण्यासाठी आरमारवाले ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरचे गोरे खलाशी उचलून नेत. मग कंपनीची जहाजे इंग्लंडला परत न्यायची कोणी? तेव्हा बंदरात शोध सुरू होई आमच्या माणसांचा. कोकण, गोवा, गुजरात, बंगाल येथील हे खलाशी. इंग्रज त्यांना लास्कर म्हणत. सारंग आपल्या ओळखीची माणसे गोळा करी, उचल देई, आणि तांडेल, सुकाणी, भंडारी असा सारा ताफा जहाजावर चढे. गोऱ्याला वेठीस धरले म्हणून काळ्याला काम मिळाले. कामगारांच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते. एकाच्या पाठीवरचा आसूड दुसऱ्याच्या पोटाची भाकरी होतो, आणि मग ते दोघे एकमेकांकडे वैऱ्यासारखे बघू लागतात.

पुढची गोष्ट ऐका. इंग्लंडच्या १६६० च्या नौकानयन कायद्याप्रमाणे इंग्रजी जहाजावर तीन चतुर्थांश खलाशी इंग्रज असले पाहिजेत, असा नियम होता. युद्धकाळात तो ढिला करीत. त्यामुळे लास्कर काम करीत लंडनला पोहोचे; पण परत येताना त्याला कामावर घ्यायचे नाही, उतारू म्हणून आणायचे. म्हणजे जहाज मिळेपर्यंत त्याने थंडीत बसून राहायचे. कित्येक लास्कर लंडनच्या रस्त्यांवर भीक मागत फिरले. १७८६ च्या जानेवारीत तेथील काही दयाळू लोकांनी काळ्या गरिबांसाठी मदत समिती काढली, ती मुळात या उपाशी लास्करांची दशा पाहूनच. पुढे १८२३ साली तर कायदाच झाला की, कंपनीच्या मुलखात जन्मलेला असला, राजाचा प्रजानन असला, तरी लास्कर हा ब्रिटिश खलाशी मानला जाणार नाही.

मंडळी, आमच्या व्याख्यानाचा गाभा येथे आहे. डेन्मार्कचा माणूस पकडायचा होता तेव्हा तो इंग्रज ठरला. कोकणातल्या माणसाला पुरता पगार द्यायची वेळ आली तेव्हा, इंग्रजांच्याच राज्यात जन्मून, तो परका ठरला. आपला कोण आणि परका कोण, हे त्या माणसाच्या जन्मावरून ठरत नव्हते. मालकाला त्या दिवशी काय सोयीचे आहे, त्यावरून ते ठरत होते.

आता पळणाऱ्यांविषयी. मुंबईच्या कंपनीचे गोरे शिपाई आणि खलाशी वरचेवर पळत. त्यांपैकी पुष्कळ जण लंडनमध्ये दलालांनी फसवून, खोलीत कोंडून, गलबतावर चढवलेले असत. येथे आल्यावर पगार अपुरा, अन्न नासके, दारू स्वस्त आणि हवा मारक. जवळच पोर्तुगीजांचा मुलूख, त्याच्या पलीकडे कुलाबा आणि आंग्र्यांचे आरमार. कान्होजी आंग्र्यांच्या गुराबांवर डच, पोर्तुगीज, इंग्रज असे गोरे गोलंदाज होते. १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून अलिबागेवर स्वारी केली आणि मार खाऊन परत फिरले. त्या काळचा हकीकतकार क्लेमंट डाउनिंग याचे पुस्तक १७३७ साली लंडनमध्ये निघाले. जमैकात जन्मलेला, मादागास्करात चाचेगिरी केलेला जेम्स प्लँटेन पुढे आंग्र्यांकडे आला व त्याला तेथे चांगला आश्रय मिळाला, असे त्याने लिहिले आहे. इंग्रजांच्या लेखी हे सारे बदमाष. परंतु इतका जीव धोक्यात घालून माणसे परमुलखात, परधर्मीयांकडे का जात होती, याचे उत्तर त्यांनी आपल्या पगाराच्या वहीत शोधायला हवे होते.

येथे टाळी वाजवण्याचा मोह होतो. पण आम्ही न्याय करायला बसलो आहोत, तर तराजू आपल्याही दारात लावला पाहिजे. आपल्या राज्यांत वेठ नव्हती काय? किल्ल्यांवर दगड, चुना, धान्य चढवायला गावोगावची माणसे वेठीला धरली जात. 'वेठ' आणि 'बिगार' हे शब्द इंग्रजांनी आणलेले नाहीत, ते आपल्या जुन्या दप्तरांत पानोपानी सापडतात. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला, तेव्हा किल्ल्यात दहा इंग्रज आणि तीन डच कैदी सापडले. एका दर्यावरून सुटलेला खलाशी दुसऱ्या दर्यावर अडकत होता. आणि आपल्याकडूनही परके कारागीर पळाले आहेत. शिवाजी महाराजांनी १६५९ साली कल्याण-भिवंडीकडे जहाजे बांधायला काढली. त्या कामावर रुय लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज मुख्य होता. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने आतून सूत्रे हलवली, आणि व्हिएगस व त्याच्याबरोबरची बायकामुलांसह सुमारे ३४० माणसे काम टाकून निघून गेली. आपल्या बखरकारांच्या दृष्टीने ते दगाबाज, पोर्तुगीजांच्या दृष्टीने ते शहाणे. कान्होजींकडे आलेला गोलंदाज शूर आणि महाराजांकडून गेलेला सुतार नीच, असे दोन न्याय आम्हाला करता येणार नाहीत. गलबत कोणाचेही असो, ते सोडून जाणाऱ्याला आम्ही एकच प्रश्न विचारू: तुला सांगून, हिशेब घेऊन जाता येत होते काय?

इंग्रजी आरमारात तसे जाता येत नव्हते. तेथे पळाला तर फाशीपर्यंत शिक्षा होती. आणि फाशीपेक्षा रोजचे हत्यार निराळे होते. खलाशाचा निदान सहा महिन्यांचा पगार नेहमी मागे ठेवीत, आणि तो का, तर पळू नये म्हणून. जो पळाला त्याच्या नावापुढे हजेरीपटात 'आर' हे अक्षर लिहीत. 'रन' म्हणजे पळाला, त्याचे ते आद्याक्षर. ते अक्षर पडले की साऱ्या मागल्या पगारावर पाणी. इतके असूनही माणसे पळत. नेल्सनने १८०३ साली लिहिले आहे की, नुकत्याच संपलेल्या युद्धात ४२,००० खलाशी पळून गेले. एक-दोघे पळाले तर त्यांचा स्वभाव वाईट म्हणता येईल. बेचाळीस हजार पळतात तेव्हा दोष जहाजात असतो.

परंतु पळणे हा एकट्याचा उपाय आहे. जो पळतो तो सुटतो, जो मागे राहतो त्याच्यावर पाळत वाढते. दुसरा उपाय खलाशांनीच शोधला. १७६८ साली लंडनच्या बंदरातील व्यापारी खलाशांनी पगारासाठी जहाजांची शिडे उतरवून काम बंद पाडले. शिडे उतरवण्याला इंग्रजीत स्ट्राइक करणे म्हणत. आज आम्ही संपाला स्ट्राइक म्हणतो तो शब्द त्या शिडांवरून आला आहे. गिरणीत भोंगा वाजण्यापूर्वी संप समुद्रावर जन्माला आला.

पुढे १७९७ च्या एप्रिलमध्ये स्पिटहेड येथे राजाच्याच आरमाराने काम थांबवले. सोळा जहाजे, प्रत्येक जहाजाचे दोन प्रतिनिधी. त्यांनी मागण्या काय केल्या पाहा. पगार वाढवा. आजारी व जखमी माणसाचा पगार तोडू नका. बंदरात आल्यावर घरी जायची सवलत द्या. आणि शिधा पुऱ्या मापाने द्या; कारण पौंड सोळा औंसांचा असताना जहाजावरचा कोठीवाला चौदा औंसांचा पौंड देई. मापात पाप सगळीकडे सारखेच! एक महिनाभर त्यांनी शिस्त मोडली नाही, आणि बहुतेक मागण्या मिळाल्या, वर राजाची माफीही मिळाली. लगेच नोर येथे दुसरा उठाव झाला, तो फसला, आणि त्याचा पुढारी रिचर्ड पार्कर ३० जून १७९७ रोजी फाशी गेला. एकाच उन्हाळ्यात यश आणि फास दोन्ही. आमच्या धंद्यातल्या माणसाने दोन्ही तारखा लक्षात ठेवाव्या.

तरीही जहाज सोडून जाणे हा गुन्हा पुढे फार काळ राहिला. अमेरिकेत तो १९१५ च्या खलाशी कायद्याने गेला. व्यापारी जहाज सोडले म्हणून खलाशाला तुरुंगात टाकणे त्या कायद्याने बंद झाले. या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडणारा संघटनेचा पुढारी अँड्र्यू फुरुसेथ हा जन्माने नॉर्वेचा, म्हणजे तेथे परकाच. आपल्या देशातही १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात जहाज सोडणाऱ्याचा पगार आणि जहाजावर राहिलेले सामान जप्त करण्याची तरतूद होती. 'आर' हे अक्षर इतके दीर्घायुषी.

आता थोडे स्वतःविषयी बोलतो, आणि ते सांगताना आम्हाला संकोच वाटतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी भाईंदरच्या एका भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशखात्यात एक मुलगा होता. नेपाळकडचा, अठरा-एकोणीस वर्षांचा. नाकातोंडात काळी भुकटी जाई. जादा काम पडले की शेठ त्याला म्हणे, तू आमच्या घरचाच. बोनसची वेळ आली की मुनीम म्हणे, हा ठेकेदाराचा माणूस. दोन महिन्यांचा पगार अनामत म्हणून कापून ठेवलेला. एका रात्री तो मुलगा निघून गेला. आम्ही दुसऱ्या कामगारांच्या बाकीसाठी गेलो तेव्हा मुनीमाने रजिस्टर समोर टाकले. त्या मुलाच्या नावापुढे तांबड्या शाईने लिहिले होते, 'पळाला'. आम्ही ते वाचले आणि पुढचे नाव वाचू लागलो. त्याची बाकी आम्ही मागितलीच नाही. पळाला म्हणजे त्याचाच काही दोष असेल, असे आम्हीही गृहीत धरले. पुढे काही वर्षांनी त्या इंग्रजी हजेरीपटांतील 'आर' विषयी वाचले, तेव्हा ती तांबडी शाई डोळ्यांपुढे आली. त्या मुलाचा पत्ता आमच्यापाशी नव्हता. आजही नाही.

आपल्या संविधानाच्या २३ व्या कलमाने वेठ बंद केली आहे. त्या कलमाच्या इंग्रजी पाठातही 'बेगार' हा आपल्याकडचाच शब्द ठेवावा लागला. १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. कायदे आहेत. पण २०२४ साली जगभरच्या बंदरांत मालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या जहाजांवर तीन हजारांहून अधिक खलाशी अडकले होते, आणि त्यांत सर्वांत अधिक भारतीय होते, असे वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने नोंदवले. पगार नाही, पाणी संपत आलेले, आणि जहाज सोडावे तर परक्या देशात बेकायदा ठरण्याची भीती. पूर्वी खलाशी पळत असे. आता मालक पळतो, आणि मालकाच्या नावापुढे 'आर' लिहिणारा कोणी नाही.

येथे जमलेल्यांत काही कारखानदार आहेत, बोटींचे मालक आहेत, आणि पुष्कळ जणांची मुले जहाजावर किंवा परमुलखात नोकरीला आहेत. तुमच्याकडचा एखादा परप्रांतीय गडी सकाळी जागेवर दिसला नाही, तर 'पळाला' म्हणून मोकळे होऊ नका. काय घेऊन गेला हे शोधण्याआधी, त्याचे काय आपल्याकडे राहिले आहे, याचा हिशेब करा. आणि तुमचा मुलगा दूरच्या बंदरात अडकला तर तेथल्या लोकांनी त्याला कोणत्या नावाने हाक मारावी असे तुम्हाला वाटेल, त्याच नावाने येथल्या परक्या मुलाला हाक मारा.